हायड्रोपोनिक ही शेतीची पद्धत आहे, अमली पदार्थाचं नाव नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली दोनेक वर्षं मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडे गांजा सापडल्याच्या बातम्या सतत येत आहेत. आपल्या दैनिकातही त्या येतात आणि यायलाच हव्यात. माझी तक्रार मथळ्यांबद्दल आहे. सुरुवातीला 'हायड्रोपोनिक गांजा' असं लिहिलेलं असे. पुढे 'हायड्रोपोनिक वीड' झालं. आता जागा वाचवण्यासाठी असेल, पण 'हायड्रोपोनिक जप्त', 'हायड्रोपोनिकची तस्करी' अशा धाटणीचे मथळे सर्रास दिसतात. गांजा हा शब्द गळाला आणि मातीशिवाय, पाण्यावर झाडं वाढवण्याच्या पद्धतीचं नावच मालाचं नाव होऊन बसलं. याचा त्रास मला माझ्या घरात झाला, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहिते आहे. कृपया छापावं.

मी सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काम केलं. बी उगवतं की नाही हे पाहणं, एवढंच माझं काम. नमुन्यातले चारशे दाणे, शंभर-शंभरचे चार भाग, ओल्या कागदाच्या गुंडाळ्या, जर्मिनेटर म्हणजे बी उगवायचं कपाट, पहिली मोजणी, शेवटची मोजणी. सामान्य रोप, असामान्य रोप, कठीण बी, ताजं पण न उगवलेलं बी, मेलेलं बी, असे पाच रकाने. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारींचा पाऊस पडला, ते माझं नोकरीतलं शेवटचं वर्ष. त्या उन्हाळ्यात गोणपाटावर शंभर दाणे ठेवून घरीच उगवण तपासा, असं फोनवर किती शेतकऱ्यांना सांगितलं असेन त्याची गणती नाही.

निवृत्तीनंतर कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत मी पाण्यावरची बाग केली. चार पाइप, एक टाकी, एक छोटा पंप, वर एलईडीचे जांभळट दिवे. लेट्यूस, पालक, बेसिल आणि चेरी टोमॅटोची तीन झाडं. मिस्टर गेल्यानंतर ती खोली बंदच असायची. आता पहाटे साडेपाचला मी तिथे जाते आणि पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणा, बघते.

हायड्रोपोनिक हा शब्द कुठून आला तेही सांगते, कारण तो बँकॉकहून आलेला नाही. वनस्पतीला मातीची नव्हे, मातीतल्या क्षारांची गरज असते, हे जर्मनीत युलियस फॉन साक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी एकोणिसाव्या शतकातच पाण्यात रोपं वाढवून दाखवलं होतं. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले विल्यम गेरिक यांनी ते प्रयोगशाळेतून बाहेर काढलं, टाक्यांमध्ये टोमॅटोचे पंचवीस फुटी वेल चढवले आणि १९३७ मध्ये या पद्धतीला हायड्रोपोनिक्स हे नाव दिलं. ग्रीक भाषेत हायड्रो म्हणजे पाणी आणि पोनोस म्हणजे कष्ट. पाण्याचे कष्ट! मला हे नाव फार आवडतं. आपल्या देशात १९४६ च्या सुमारास कालिम्पाँगला शाल्टो डग्लस यांनी वाळू-खडीच्या वाफ्यांमध्ये, स्वस्तात, गरिबाला परवडेल अशा रीतीनं हेच करून पाहिलं होतं.

आणि महाराष्ट्राच्या खेड्यांत हा शब्द शिरला तो तर चाऱ्यामुळे. दुष्काळात नगर, सोलापूर, बीडकडच्या कित्येक गोठ्यांशेजारी शेडनेटखाली प्लॅस्टिकच्या ट्रे लागल्या. मका रात्रभर भिजवायचा, गोणपाटात बांधून मोड आणायचे, ट्रेत पसरायचा, दिवसातून चार-सहा वेळा पाणी फवारायचं. आठ-दहा दिवसांत हिरवी गादी तयार. एक किलो मक्याची सहा-सात किलो वैरण होते. तिच्यात बरंचसं पाणीच असतं, हे खरं, त्यामुळे जनावराचं पोट नुसत्या त्यावर भरत नाही. पण वाळल्या कडब्याबरोबर तेवढी हिरवाई मिळाली तरी गाय दुधाला टिकते. 'हायड्रोपोनिक चारा' म्हणताना आमच्या माहेरच्या माणसांच्या तोंडात तो शब्द किती सहज बसला होता! आज त्याच गावातला मुलगा मोबाइलवर बातमी वाचून विचारतो, "आत्या, हायड्रोपोनिक म्हणजे ते नशेचं ना?"

आता गांजाच्या ज्या झाडावरून हे सगळं सुरू झालं, त्याच्याबद्दलही मी ऐकीव बोलत नाही. माझी लेक आणि जावई कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात राहतात. मी तिथे २०२३ च्या सप्टेंबरपासून सहा महिने होते. तिथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायद्यानं प्रौढ माणसाला घरात ही झाडं लावता येतात. एका घरात चार, मग घरात माणसं कितीही असोत. बी परवानाधारक दुकानातूनच घ्यायचं. शेजारच्या क्वेबेक प्रांतात मात्र एकही झाड चालत नाही आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ती बंदी ग्राह्य धरली. म्हणजे एकाच देशात नदीच्या या काठी चालतं, त्या काठी नाही.

जावयांनी तळघरातल्या खोलीत पाण्यावरची बाग केली आहे. टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, आणि कुलपाच्या आत ही चार झाडं. कुलूप नातवासाठी, तो सहा वर्षांचा आहे. मला पहिल्या दिवशी हे कळलं तेव्हा मी जेवले नाही. लेकीला म्हटलं, आपल्या घरात हे? तिनं मला त्यांचा कायदा समोर बसवून वाचून दाखवला. मला तो पटला असं नाही. आजही त्यांनी ते लावू नये असंच मला वाटतं आणि मी तसं जावयांना सांगितलंही आहे. पण तिथे तो गुन्हा नाही, हे मी मान्य केलं.

ऑक्टोबरच्या शेवटी जावयांनी पाच बिया आणल्या होत्या. बी ज्वारीपेक्षा थोडं मोठं, राखी रंगाचं, वर गडद रेघांची जाळी. खरं तर ते बी नव्हे, फळच. आत बी असतं. ज्वारी-गव्हासारखंच. जावयांनी त्या ओल्या टिश्यूत गुंडाळून एका डबीत ठेवल्या आणि डबी तळघरातच ठेवली. पाचव्या दिवशी एक फुटली, एक कुजली, तीन तशाच. ते म्हणाले, "आई, बियाच खराब निघाल्या."

मी डबी उघडून पाहिली. बियांना दोष नव्हता. टिश्यूतून पाणी निथळत होतं आणि तळघरात सोळा अंश तापमान होतं. बी पाणी पितं तसं श्वासही घेतं. पाण्यात बुडालेलं बी गुदमरतं, हे नव्या माणसाच्या ध्यानात येत नाही. प्रयोगशाळेत आमचा साधा नियम होता: ओल्या कागदावर बोट दाबलं तर बोटाभोवती पाण्याची कड दिसता कामा नये. कागद ओला हवा, पाणी दिसायला नको. दुसरी गोष्ट उबेची. वीस ते पंचवीस अंशांमध्ये हे बी तिसऱ्या दिवसापासून फुटू लागतं आणि सातव्या दिवसापर्यंत निकाल लागतो. थंडीत ते नुसतं भिजून पडतं आणि बुरशी त्याला आधी गाठते. तिसरी गोष्ट वयाची. हे तेलबी आहे, सोयाबीन-भुईमुगासारखं. तेल खवटतं तसा आतला अंकुर दुबळा होतो. गरम दमट फडताळात वर्षभर पडलेली पुडी आणि थंड कोरड्या जागी ठेवलेली पुडी, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

न उगवलेल्या तीन बिया मी पिळून घेतलेल्या कागदात घेतल्या आणि डबी वरच्या मजल्यावर फ्रिजच्या माथ्यावर ठेवली, जिथे हाताला कोमट लागतं. तिसऱ्या दिवशी तिन्हींना पांढरी मुळं आली. बोटाच्या पेराएवढंही मूळ वाढू द्यायचं नाही, मोडतं. ते बारकं असतानाच दगडी लोकरीच्या (रॉकवूलच्या) भिजवलेल्या ठोकळ्यात, मूळ खाली करून, अर्धा-एक सेंटिमीटर खोल ठेवलं. पहिले आठ दिवस खताचं पाणी नाही. दोन बीजपत्रं म्हणजे आईनं बरोबर दिलेली शिदोरी असते, ती संपेपर्यंत रोपाला बाहेरचं काही लागत नाही. खारट पाणी तर कोवळ्या मुळाला जाळतं. हे सगळं लेट्यूसला लागू आहे, टोमॅटोला लागू आहे, आणि त्या झाडालाही तेवढंच लागू आहे. बीजाला कायदा कळत नाही. ओल, ऊब आणि हवा कळते. तो कागद उलगडताना मला एकतीस वर्षांत ज्या भावनेनं कागद उलगडला त्याच भावनेनं उलगडता आला, हे मी लपवत नाही.

पण माणसाला कायदा कळायला हवा, आणि इथेच वर्तमानपत्राचं काम सुरू होतं असं मला वाटतं. मी परत निघण्याच्या आठवड्यात आमच्या नात्यातल्या एका तरुणाचा फोन आला. म्हणाला, "काकू, दोन-चार बिया पर्समध्ये टाकून आणा ना, बीला कोण पकडतं?" मी त्याला साफ नाही म्हटलं. नंतर मला कळलं की असा समज असलेली पुष्कळ मुलं आहेत. म्हणून इथे स्पष्ट लिहिते. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या, कायद्यात गांजाची व्याख्या करताना झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे धरले आहेत आणि शेंड्यांपासून सुट्या असलेल्या बिया-पानं त्यातून वगळली आहेत. हे अर्धवट वाचून मुलांना वाटतं, बी पेरायला हरकत नाही. पण त्याच कायद्यानं परवान्याशिवाय या झाडाची लागवडच गुन्हा ठरवली आहे, आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कुंडीत लावलं काय, पाण्यात लावलं काय, कायदा भेद करत नाही. शिवाय परदेशातून कोणतंही पेरणीचं बी आणायला वनस्पती संगरोधाचे, म्हणजे क्वारंटाइनचे, नियम आहेत, ते कोथिंबिरीच्या बीलाही चुकत नाहीत. आणि कॅनडातून हा माल बाहेर नेणं हा तिथेही गुन्हाच आहे. दुकानात हल्ली पाकिटातून हेम्पच्या, म्हणजे याच जातीच्या झाडाच्या, बिया मिळतात, त्या खाण्यासाठी आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२१ मध्ये त्यांना अन्न म्हणून मान्यता दिली, पेरण्यासाठी नव्हे.

एवढं सगळं एका चौकटीत छापता येतं. त्याऐवजी बातम्यांत काय येतं? 'उच्च प्रतीचा', 'महागडा', 'हायड्रोपोनिक'. जाहिरातच झाली की ती! पाण्यावर वाढवलं म्हणून झाड जास्त नशेचं होतं, असा समज या शब्दानं पसरतो. नशेचं द्रव्य मादी फुलांवरच्या बारीक राळेच्या ग्रंथींमध्ये तयार होतं आणि ते किती होणार हे मुख्यतः वाणावर ठरतं. मातीत वाढवलेल्या त्याच वाणातही ते होतंच. आमच्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, हे नवीन नाही. इंग्रजांनी १८९३ मध्ये गांजा-भांगेची चौकशी करायला आयोग नेमला, तेव्हा मुंबई इलाख्यात गांजाची लागवड मुख्यतः याच जिल्ह्यात होती. फुलांत बी धरू नये म्हणून नर झाडं हुडकून उपटत, तेही काळ्या मातीत, परवान्यानं. तेव्हा पंप नव्हता आणि एलईडीही नव्हता.

आता माझ्यावर आलेली गोष्ट. जूनमध्ये अशीच एक बातमी छापून आली. कुणीतरी भाड्याच्या फ्लॅटमध्ये दिवे लावून, पाण्यावर गांजा वाढवत होतं. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमीचं कात्रण आलं आणि खाली कुणीतरी लिहिलं, 'आपल्याकडेही एका खिडकीत रात्री जांभळा उजेड असतो.' नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. तिसऱ्या दिवशी दोन पोलीस आले. त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. चपला दाराबाहेर काढून आत आले, मला बसायला सांगितलं, बेसिलचं पान चुरगळून वास घेतला, "ही तुळसच की" म्हणाले. मी लेट्यूसची चार पानं खायला दिली. दहा मिनिटांत गेले. त्यांनी त्यांचं काम केलं.

पण पोलीस आलेले अख्ख्या जिन्यानं पाहिले, आणि ते का गेले हे कुणी पाहिलं नाही. अकरा वर्षं माझ्याकडे काम करणाऱ्या मावशी दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. चार दिवसांनी त्यांचा मुलगा येऊन पगार घेऊन गेला. म्हणाला, "आजी, पोलिसांचं काही असलं की आम्हालाच आधी धरतात." त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. तो जे बोलला ते त्याच्या वस्तीतलं खरं आहे. मावशींनी या वयात कामासाठी नवं घर शोधलं. माझ्यापेक्षा त्यांचं नुकसान मोठं आहे.

आणि खालच्या मजल्यावरची चौथीतली मुलगी. ती रोज संध्याकाळी यायची. तिला मी उगवण चाचणी शिकवत होते, खरीखुरी. तिची स्वतंत्र वही आहे. पालकाच्या बीचा कागद, टोमॅटोचा कागद, लेट्यूसचा कागद. लेट्यूस तिचा सगळ्यात लाडका, कारण त्यात एक कोडं आहे. पुण्याच्या उन्हाळ्यात लेट्यूसचं बी रुसतं. तीस अंशांच्या आसपास ते जिवंत असूनही उगवतच नाही, वाट बघत बसतं. कागद फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवून मग बाहेर काढला की उगवतं. काही वाणांना तर उजेडही लागतो. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या संशोधकांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्याच बियांवर तांबडा आणि अतितांबडा (तांबड्याच्या पलीकडचा) उजेड आलटून-पालटून टाकला. शेवटी जो उजेड पडला तोच बियांनी ऐकला. तांबडा शेवटी असेल तर उगवायचं, अतितांबडा असेल तर थांबायचं. हे मी त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं होतं, "म्हणजे बीला शेवटचं वाक्य लक्षात राहतं?" एकतीस वर्षांत माझ्या एकाही प्रशिक्षणार्थीनं इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

तिच्या आईनं तिला पाठवणं बंद केलं. मला जिन्यात भेटल्या तेव्हा "सध्या अभ्यास आहे" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्यांच्या डोळ्यांत मला राग दिसला नाही, भीती दिसली. ती भीती त्यांनी आपल्या पहिल्या पानावरून घेतली होती.

संपादक महाशय, मी फार मोठं काही मागत नाही. गांजा सापडला तर गांजा लिहा. कसा वाढवला ते तपासाचा भाग म्हणून आतल्या मजकुरात यायला हरकत नाही. मथळ्यात मात्र पद्धतीचं नाव मालाला देऊ नका. ऊसतोडीच्या कोयत्यानं कुणी खून केला, तर आपण 'ऊस सापडला' असा मथळा करत नाही. राज्यात कितीतरी तरुण शेतकरी पॉलिहाऊसमध्ये पाण्यावर पालेभाज्या, स्ट्रॉबेरी, ढोबळी मिरची घेतात, बँकेकडे कर्ज मागतात, शहरातल्या ग्राहकाला घरपोच पेट्या देतात. त्यांना त्यांच्या धंद्याचं नाव दारोदार समजावून सांगायला लावू नका. आणि ज्या दिवशी अशी बातमी असेल, त्या दिवशी खाली चार ओळींत कायदा छापा, की घरात एकही रोप लावणं हा गुन्हा आहे आणि परदेशातून बी आणू नये. त्या चार ओळींनी माझ्या नात्यातल्या त्या मुलासारखा एखादा वाचेल.

आपल्या वार्ताहराला माझी खोली पाहायची असेल तर अवश्य पाठवा. सोमवारी नवा लेट्यूस कागदावर घालणार आहे. पहिली मोजणी चौथ्या दिवशी, शेवटची सातव्या दिवशी. ती वही मी मुलीच्या आईकडे परत दिलेली नाही, माझ्याच टेबलावर ठेवली आहे. तिच्या अक्षरात चौथ्या दिवसाखाली 'त्र्याहत्तर' लिहिलेलं आहे आणि सातव्याचा रकाना मी भरलेला नाही.

आपली,
एक निवृत्त बीज परीक्षक
कोथरूड, पुणे